आवड कुणाची, हुकूम कुणाचा?

मंडळी, आपल्या तळेऱ्यात नातवाने मोबाइलवर सिनेमाचं गाणं लावलं की आजोबा म्हणणार, "बंद कर तो गोंगाट." तेच आजोबा रात्री डबलबारीला बसतात. बुवा सिनेमाच्याच चालीवर गजर धरतात आणि आजोबांची मान डोलते! म्हणजे दोष चालीत नाही.

कांटने १७९० साली भेद केला: 'मला आवडतं' म्हणणं वेगळं, 'हे सुंदर आहे' म्हणणं वेगळं. दुसऱ्या विधानात आपण इतरांची संमती मागतो. मागतो, बरं का. हुकूम सोडत नाही. घरात आम्ही म्हातारे वयाच्या जोरावर हुकूमच सोडतो. मीही सोडलाय. मग पोरं कानात इयरफोन घालतात. वाद आपण जिंकतो, आणि सोबतीला कुणी उरत नाही.