हिमालय दिसतो, चित्र दिसत नाही

नेपाळी अमूर्त चित्रकलेविषयी दोन विधाने हमखास केली जातात. एक, ती पॅरिसहून आणलेली कलम आहे. दोन, मंडलांच्या देशाला अमूर्त नवे नव्हतेच. दोन्ही विधानांत थोडे तथ्य आहे. पण दोन्हींमुळे प्रत्यक्ष चित्राकडे पाहणे टळते.

आधी घटनाक्रम पाहू. राणा राजवट १९५१ मध्ये संपली. तोवर एकीकडे पौभा चित्रांची धार्मिक परंपरा होती, तर दुसरीकडे दरबारी व्यक्तिचित्रे होती. चंद्रमान सिंह मास्के, तेजबहादुर चित्रकार यांनी कलकत्त्याहून वास्तववादी शिक्षण आणले होते. दार्जिलिंगमध्ये १९१९ साली जन्मलेले लैनसिंह बांगदेल कलकत्त्यात शिकून १९५२ मध्ये पॅरिसला आणि पुढे लंडनला गेले. राजे महेंद्र यांच्या निमंत्रणावरून १९६१ मध्ये ते काठमांडूत आले. १९६२ च्या त्यांच्या प्रदर्शनापासून नेपाळी आधुनिकतेची गणना केली जाते. युरोपात वास्तववादापासून अमूर्तापर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. प्रेक्षकाला डोळा तयार करायला अवधी मिळाला. काठमांडूच्या प्रेक्षकासमोर मधल्या पायऱ्या जवळजवळ नव्हत्याच. त्याच्या गोंधळाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

उलट, हा प्रेक्षक चित्र वाचण्यात मुरलेला होता. पंचबुद्धांच्या मंडलात अमिताभ पश्चिमेचा आणि लाल, अमोघसिद्धी उत्तरेचा आणि हिरवा. तिथे रंग म्हणजे नाव, दिशा म्हणजे पत्ता. मंडल भौमितिक दिसते म्हणून ते अमूर्त ठरत नाही. त्यातले प्रत्येक घर कुणाचे तरी आहे. आधुनिक अमूर्त चित्राने नेमकी हीच किल्ली द्यायचे नाकारले. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न परंपरेच्या जाणकारानेच विचारलेला प्रश्न होता. मंडलाचा दाखला देऊन तो मिटवता येत नाही.

पुढच्या वाटचालीत मुंबईचा वाटा मोठा आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले लक्ष्मण श्रेष्ठ मुंबईतच स्थिरावले. १९७१ मध्ये काठमांडूत स्थापन झालेल्या ‘स्किब-७१’ या गटातले शशी शाह आणि कृष्ण मानंधर हेही जे.जे.चेच. म्हणजे ‘पॅरिसची कलम’ हे वर्णन भूगोलाच्या दृष्टीनेही अपुरे आहे.

श्रेष्ठांच्या चित्रांवरील प्रतिक्रियांत एक शब्द सतत येतो: हिमालय. रंगांची धारदार पठारे, अंधारातून उसळणारा प्रकाश पाहिला की शिखरे आठवतात, हे खरे. पर्वतांचा अनुभव या चित्रांत नाही, असेही नव्हे. पण श्रेष्ठांचा जन्म १९३९ चा, सिराहाचा; म्हणजे तराईच्या सपाट मुलखातला. चित्रकार नेपाळी, म्हणून चित्रात हिमालय, हे समीकरण फार सोयीचे आहे. गायतोंड्यांच्या चित्रात नागपूर शोधायला कोणी जात नाही. नेपाळी चित्रकाराकडून मात्र अमूर्तातही देशाचे चित्रपत्र मागितले जाते. हिमालय सापडला की शोध संपतो. एका रंगाची कड दुसऱ्यावर कशी थांबते, कुठे हात आवरला आहे, हे पाहायचे राहून जाते.

संस्थात्मक मान्यतेने हा प्रश्न सुटला नाही. नेपाळ ललितकला प्रज्ञा-प्रतिष्ठानचे पहिले कुलपतिपद किरण मानंधर या अमूर्त चित्रकाराकडे गेले. पण पद मिळणे वेगळे आणि प्रेक्षक मिळणे वेगळे.

बांगदेलांची कारकीर्द इथे वाट दाखवते. याच अमूर्त चित्रकाराने नेपाळमधून चोरीस गेलेल्या प्राचीन मूर्तींची छायाचित्रांसह नोंद केली आणि १९८९ मध्ये ती ग्रंथरूपाने आणली. पुढे काही मूर्ती परत मिळवताना हा पुरावा कामी आला. परंपरेला त्यांनी आपल्या चित्रांचे समर्थन म्हणून वापरले नाही; तिची एकेक मूर्ती निरखून पाहिली. तितक्याच निरखून त्यांची आणि त्यांच्यानंतरच्यांची चित्रे पाहणारी समीक्षा आता हवी. तिची सुरुवात हिमालयाचे नाव न घेता चित्राचे वर्णन करण्यापासून व्हावी.