लघुनिबंधाचा सराव : हात आणि डोळा

मराठी लघुनिबंध सरावाने मेला, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि म्हणताना बोट ना. सी. फडके यांच्याकडे असते. १९३३ साली त्यांच्या ‘गुजगोष्टी’ पुस्तकरूपाने आल्या. समोर रॉबर्ट लिंड, गार्डिनर यांचा आदर्श होता. साधासा विषय, वाचकाशी जवळिकीची भाषा, मध्येच कलाटणी, शेवटी हलकेच तात्पर्य. हा साचा शिकण्याजोगा होता. तो इतक्यांनी शिकून घेतला की वाचकाला कलाटणी दुरूनच दिसू लागली.

मला हा आरोप अर्धाच पटतो. मराठी गद्याला बैठकीतली मोकळी वाक्ये देण्यात फडक्यांचा वाटा मोठा आहे, आणि ती वाक्ये नित्य लिहिण्यातूनच आली. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकातले लेखन हीच त्यांची तालीम. ‘वायुलहरी’ (१९३६) वाचताना हात किती तयार झाला आहे ते कळते. पण उपमाही त्याच हाताने येतात, एकामागून एक, आणि प्रसंग नीट दिसण्याआधी त्याचा अर्थ सांगून मोकळ्या होतात. हात घोटला गेला, डोळा मात्र होता तिथेच राहिला. (खांडेकरप्रेमींनी रागावू नये; कथाकार खांडेकरांबद्दल हे विधान नाही.)

इरावती कर्वे यांची तालीम निराळी. मानववंशशास्त्रासाठी त्या गावोगाव हिंडल्या, माणसांची मोजमापे घेतली, नातेसंबंधांच्या संज्ञा टिपल्या. ‘परिपूर्ती’ (१९४९) हा संग्रह या नोंदींच्या सवयीवर उभा आहे. त्यातला वारीवरचा ‘वाटचाल’ पाहावा. भक्तीचा महिमा गाण्याची पुरेपूर सोय असलेला विषय. बाई काय पाहतात? एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळे जेवतात. हे त्यांना बोचते, त्या दोन्हींकडे वावरतात, आणि तरीही वारीतला आनंद खोटा ठरवत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच निबंधात राहू देणे हे तंत्राच्या पुस्तकात सापडत नाही. ते टिपणाच्या शिस्तीतून येते : जे दिसले ते आधी लिहायचे, आवडले की नाही ते नंतर. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये (१९५६) चैत्रापासून फाल्गुनापर्यंत हीच शिस्त झाडाफुलांना लावलेली आहे.

हा मुद्दा मला निव्वळ इतिहासाचा वाटत नाही. भाईंदरला आम्ही काहीजण महिन्यातून एकदा जमतो आणि एकमेकांचे लेखन वाचतो. येथे विषयांची वाण नाही. मिठागरे आहेत, उत्तनला वलांडीवर वाळणारे बोंबील आहेत. तरीही पहिला खर्डा बहुधा सारखाच असतो : मिठागर म्हणजे घामाचे प्रतीक, लोकल म्हणजे जीवनवाहिनी. फडक्यांचे नावही न वाचलेल्या मुलांच्या लेखनात फडक्यांचे तात्पर्य येते, याचे मला नवल वाटते.

आमच्यातल्या एका बाईंनी लोकलवरचा निबंध पाच वेळा लिहिला. दुसऱ्या खर्ड्यात जीवनवाहिनी गेली. तिसऱ्यात चौथ्या सीटचा हिशेब आला. कोण कुठे उतरणार हे विचारून जागा आधीच कशी बोलून ठेवतात, ते आले. चौथ्यात भाईंदरहून उलट विरारला जाऊन खिडकी पकडणाऱ्या बायका आणि त्यावरून विरारकरणींशी होणारी भांडणे. पाचव्यात, उलट जाणाऱ्यांत त्या स्वतः होत्या. शेजारी उभ्या असलेल्या, विरारहून चढलेल्या गरोदर बाईला त्यांनी जागा दिली नव्हती. कारण दिलेले नव्हते, तात्पर्यही नव्हते. वाचून झाल्यावर कोणी बोलले नाही. बाईंनी कागद परत मागून घेतले. तो परिच्छेद ठेवावा की काढावा, हे त्यांचे अजून ठरलेले नाही. मी ‘ठेवा’ म्हटले आहे. सहाव्या खर्ड्याची वाट पाहतो आहे.