जस्ताचे नेमके काम कोणते? झिओलाइटमधील अल्केन-सक्रियणाच्या संशोधनाची चिकित्सा

'उत्प्रेरक' या मराठी संज्ञेत पुढे ढकलण्याचा भाव आहे, तर उर्दूतील 'अमल-अंगेज' या संज्ञेत क्रिया चेतवण्याचा. दोन्हींचा रोख आरंभाकडे आहे. त्यामुळे जस्तयुक्त झिओलाइटवर मिथेन, इथेन, प्रोपेन या हलक्या अल्केनांचे 'सक्रियण' होते असे वाचले, की जस्ताने कार्बन-हायड्रोजन बंध तोडला म्हणजेच उत्प्रेरण झाले, असा समज सहज होतो. हा समज कितपत टिकतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे व्यावहारिक मोल उघड आहे. प्रोपेन व ब्यूटेन हे स्वयंपाकाच्या गॅसचे घटक. त्यांपासून बेंझीन, टोल्यूईन, झायलीन तयार करता आले तर प्लास्टिक, रंग व औषधे यांचा कच्चा माल हाती येतो. परंतु अल्केन सहजासहजी अभिक्रिया करीत नाहीत. मिथेनमधील एक कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४३९ किलोजूल ऊर्जा लागते.

झेडएसएम-५ या झिओलाइटच्या सांगाड्यात सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम आला की तेथे एक ऋणभार उरतो. तो एरवी एका प्रोटॉनने संतुलित होतो. जस्ताच्या आयनावर मात्र दोन धनभार असतात. दोन अॅल्युमिनियम जवळ असतील तर एकटा आयन दोघांनाही पुरतो. ते दूर असतील तर तो हायड्रॉक्सिल गट घेऊन एकभारी होतो, किंवा दोन जस्त-आयन मधल्या ऑक्सिजनने जोडले जातात. शिवाय जस्त-ऑक्साइडचे बारीक पुंजकेही असू शकतात. चीनमधील जिलिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये झिओलाइटसदृश सच्छिद्र पदार्थात एकाच धनभाराचे जस्तही दाखविले. अशा रीतीने 'जस्त' या एका नावाखाली अनेक रूपे नांदतात. इलेक्ट्रॉन-स्पिन अनुनादाला एकभारी सुटे जस्त दिसते, कारण त्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. नेहमीचे द्विभारी जस्त त्या यंत्राला दिसतच नाही. म्हणून एखादे रूप यंत्रावर उमटले, एवढ्यावरून तेच काम करते असे ठरत नाही.

मॉस्कोचे कझान्स्की व सहकारी यांचे २००४ मधील काम या दृष्टीने पाहावे. जस्ताची वाफ देऊन तयार केलेल्या झेडएसएम-५ वर मिथेन सोडून त्यांनी अवरक्त वर्णपट घेतले. मिथेन दुभंगतो, मिथाइल गट जस्ताला व हायड्रोजन सांगाड्यातील ऑक्सिजनला चिकटतो, असे त्यांत दिसले. पहिल्या पायरीचा हा भक्कम पुरावा आहे. पण तो पहिल्याच पायरीचा आहे. मिथाइल धरून बसलेला आयन मोकळा होऊन पुन्हा कामाला लागला नाही, तर त्याला उत्प्रेरक म्हणता येत नाही. तो एकदाच खर्ची पडलेला अभिकारक ठरतो.

बर्कलेच्या बिस्कार्डी व इग्लेसिया यांनी १९९० च्या दशकातच प्रश्न नेमका उलट बाजूने विचारला होता. सुमारे ५०० अंश सेल्सिअसला प्रोपेनसोबत ड्युटेरियम वापरून त्यांनी दाखविले की कार्बन-हायड्रोजन बंध तुटतात आणि पुन्हा जुळतातही; खरा खोळंबा पृष्ठभागावरील हायड्रोजन अणू रेणू होऊन बाहेर पडण्यात आहे. जस्त ही वाट मोकळी करते. म्हणजे जस्ताचे मोठे काम आत ढकलण्याचे नसून बाहेर सोडण्याचे आहे. दोन्ही भाषांतील संज्ञा जेथे बोट ठेवतात, तेथे हे काम नाही.

आइंडहोव्हनच्या पिडको व वान सांतेन यांनी २००७ मध्ये जस्ताची निरनिराळी रूपे शेजारी ठेवून संगणकीय गणना केली. बंध तुटण्यापाशी न थांबता आयन मूळ स्थितीला परत कसा येतो हेही त्यांनी विचारले, हे या कामाचे बलस्थान. मर्यादा अशी, की गणनेतील अॅल्युमिनियमच्या जागा संशोधक ठरवितो. प्रत्यक्ष नमुन्यात त्या सरमिसळ असतात.

याच वादाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील व्ही. आर. चौधरी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जस्ताऐवजी गॅलियम असलेल्या, झेडएसएम-५ च्याच बांधणीच्या झिओलाइटवर प्रयोग केले. सोबत अल्कीन किंवा मोठे अल्केन दिल्यास मिथेनही मोठ्या रेणूंत रूपांतरित होतो, असे त्यांनी मांडले. २००२ मध्ये फ्रान्समधील नाकाश व सहकाऱ्यांनी कार्बन-१३ ची खूण असलेला मिथेन वापरून ते तपासले. अॅरोमॅटिक उत्पादनांत ती खूण त्यांना सापडली नाही. पुढे २००८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या स्तेपानोव्ह यांच्या गटाला जस्तयुक्त बीटा झिओलाइटवर मिथेन व प्रोपेन एकत्र असताना मिथेनचा कार्बन अॅरोमॅटिक रेणूंत आढळला. धातू वेगळा, सांगाडा वेगळा. त्यामुळे एका निष्कर्षाने दुसरा खोडला जात नाही. मात्र वाद निकालात काढण्याची रीत दोघांनीही तीच मानली: मिथेन किती खपला याच्या हिशेबावर न थांबता त्याचा कार्बन कोठे गेला हे पाहायचे.

महाविद्यालयीन अध्यापकाला यातून तीन प्रश्न मिळतात. जस्ताचे कोणते रूप, कोणत्या यंत्राने पाहिले? जे पाहिले ते अभिक्रियेच्याच तापमानाला का? आणि आयन पुन्हा मोकळा झाला का? फळ्यावर ऊर्जेची टेकडी काढून अडथळा कमी झाल्याचे दाखविणे चूक नाही. पण त्या टेकडीशेजारी चक्राचे पूर्ण वर्तुळ काढले, तरच विद्यार्थ्याला जस्ताचे काम कळेल.