आकाशातली ओसरी

मुंबईला कंबाला हिलवर 'कांचनजंगा' नावाची इमारत आहे. आराखडा चार्ल्स कोरियांचा, १९८३ साली पुरी झाली. उंची ८४ मीटर. हिमालयातलं खरं शिखर ८,५८६ मीटर. म्हणजे तूट ८,५०२ मीटरची! आमच्या कॅशमध्ये साडेआठ रुपये कमी भरले तर संध्याकाळी कुणी घरी जात नाही. इथे मात्र खुशाल बारसं उरकलं.

बुलढाणा जिल्ह्यात उंचीचं माप म्हणजे नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती. त्या हिशेबानं ही इमारत अडीच मारुतींहून जरा जास्तच भरते. पण तिचं मोठेपण उंचीत नाही.

मुंबईत समुद्र पश्चिमेला. वारा तिकडून, देखावा तिकडून, आणि दुपारचं ऊन नि पावसाचा मारा, तोही तिकडूनच. जमा आणि नावे एकाच पार्टीच्या खात्यावर! जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती, घराभोवती व्हरांडा. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून वर नेला. चौकोनी इमारतीचे कोपरे कोरून दोन-दोन मजले उंच गच्च्या केल्या. ऊन-पाऊस बाहेर थबकतो, वारा आत येतो.

म्हणजे आपली ओसरीच की हो! गंमत बघा. आमच्याकडे लोक 'मुंबईसारखं घर पाहिजे' म्हणून ओसरी पाडतात, थेट रस्त्यापर्यंत स्लॅब टाकतात आणि मार्चपासून कूलरमध्ये पाणी ओतत बसतात. आणि मुंबईतली सगळ्यात शहाणी इमारत ओसरीची नक्कल करते!

माझी तक्रार एकच. ओसरी काही नुसती ऊन अडवायला नसते. "या ना भाऊ, बसा घडीभर" म्हणायला असते. अठ्ठाविसाव्या मजल्यापुढून जाणार कोण? घार! तिला चहा कसा विचारणार? अठ्ठावीस मजल्यांत घरं अवघी ३२. आमच्या एका गल्लीत त्याहून जास्त आहेत, आणि कुणाकडे आज कशाची भाजी, हे सगळ्यांना पाठ. तेव्हा हवा, ऊन, पाऊस यांत पैकीच्या पैकी मार्क. शेजाराच्या खात्यावर शिल्लक निरंक.

तरी पैकीच्या पैकी मिळालेलं तेवढं तरी आपण उचलावं की नाही? घरकर्जाचे नकाशे माझ्या टेबलावरून जातात. त्यात शटरचे दोन गाळे असतात, मोटारीची जागा असते, ओसरी नसते. बँकेच्या फॉर्मातही तिचा रकाना नाही, त्यामुळे कर्ज बिनबोभाट मंजूर होतं. बँकेचं व्याज वीस वर्षांत फिटेल. उन्हाचं मात्र दर मे महिन्याला भरावं लागेल.