कोणीं पाहिलें ? : मानवोत्पत्तीविषयक एका आक्षेपाची परीक्षा

जानेवारी २०१८ मध्यें औरंगाबाद (आतांचें छत्रपती संभाजीनगर) येथील वैदिक संमेलनांत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री डॉ. सत्यपाल सिंह यांनीं डार्विनचा सिद्धांत असत्य ठरविला. वानराचा मनुष्य होतांना पाहिल्याचें आपल्या पूर्वजांनीं कोठें लिहिलें वा सांगितलें नाहीं, हा त्यांचा मुख्य हेतु. देशांतील तीन विज्ञान अकादमींनीं संयुक्त निवेदनानें त्याचा प्रतिवाद केला. तथापि नांदेड-लातुराकडे हा आक्षेप अद्याप कानीं पडतो. म्हणून त्याची परीक्षा आपल्याच शास्त्राच्या कसोटीवर करणें युक्त होईल.

प्रथम, नैयायिकांनीं प्रत्यक्ष व शब्द यांच्या जोडीस अनुमानही प्रमाण मानिलें आहे. अनुमान नाकारतो तो चार्वाक !

दुसरें, हा हेतु मान्य केल्यास पोथीसंशोधनच बुडतें. म्हाइंभटाच्या लीळाचरित्राची मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. माहुरास पूज्य मानणाऱ्या महानुभाव पंथानें जतन केलेल्या पोथ्या या उत्तरकालीन नकला होत. एकीवरून दुसरी उतरतांना कोणीं पाहिली ? तरीही दोन पोथ्यांत तीच ओळ गळालेली व तोच निरर्थक शब्द शिरलेला आढळल्यास त्यांचा आदर्श एक, असें आपण म्हणतों. शुद्ध पाठाच्या साम्यापेक्षां अशुद्धाचें साम्य नात्याची अधिक बळकट साक्ष देतें. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ति (१९१९–१९६६) पोथ्यांचीं कुलें लावूनच सिद्ध झाली.

जीवशास्त्राचा पुरावा याच जातीचा आहे. बहुतेक सस्तन प्राणी क-जीवनसत्त्व शरीरांतच तयार करतात. त्यास लागणारें एक जनुक मनुष्यांत आहे, पण मोडलेलें. चिंपांझींतही तें मोडलेलें असून कांहीं खंड अगदीं त्याच जागीं आहेत. गिनीपिगांत तेंच जनुक निराळ्या प्रकारें मोडलें आहे. म्हणजे दुसऱ्या लेखकाची स्वतंत्र चूक. आजचें माकड मनुष्याचा पूर्वज, असें उत्क्रांतिवाद म्हणतच नाहीं. मनुष्य व चिंपांझी या एका लुप्त आदर्शाच्या दोन प्रती आहेत.

परंतु उलट बाजूचा अतिरेकही नको. लातूर जिल्ह्यांत मांजरेच्या प्राचीन गाळांत हत्ती, रानबैल इत्यादिकांचीं अश्मीभूत हाडें मिळालीं आहेत. तेवढ्यावरून तेथें आदिमानव नांदत होता असें म्हणणें अप्रमाण होय. १९८२ मध्यें अरुण सोनकिया यांस नर्मदाकांठीं हथनोरा येथें मिळालेली कवटी प्रथम होमो इरेक्टस या जातीची ठरली. १९९१ मधील फेरपरीक्षेंत ती प्राचीन होमो सेपियन्सची मानली गेली. या मतांतरानें शास्त्राची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. नवी प्रत मिळतांच पाठ सुधारणारा संपादकच विश्वासार्ह असतो.

संग्राहकांस एक विनंति. मांजरा-गोदावरीच्या दरडींत हाड किंवा घडविलेला दगड दिसल्यास तो उचलून कपाटांत ठेवूं नये. स्थळ, थर व खोली यांची नोंद करून जाणत्या संशोधकांस कळवावें. थरावांचून हाड म्हणजे पुष्पिका फाडलेली पोथी : वस्तु हातीं राहते, साक्ष जाते.