बाउंटीची वंशावळ आणि जेनी

माझ्या ऑफिसमध्ये एक सहकारी आहे. जन्म ऑकलंडचा, पण आईकडून नॉरफोक बेटाचा. एका हिवाळ्यात (म्हणजे आपल्या जून-जुलैत) जेवणाच्या सुट्टीत त्याने टेबलावर एक भलामोठा कागद पसरला. वरच्या टोकाला फ्लेचर ख्रिश्चन, खाली मुलं, नातवंडं, पतवंडं, आणि अगदी तळाशी पेन्सिलीने लिहिलेली याची स्वतःची दोन मुलं. "तुमच्याकडेही असं करतात ना?" त्याने विचारलं. मी कधीतरी त्याला आमच्या कुलवृत्तांताबद्दल सांगितलं होतं, ते त्याच्या लक्षात राहिलं होतं.

कागद बघताना मला एकच गोष्ट खटकली. फ्लेचरच्या नावापुढे जन्मसाल, गाव, बापाचं नाव, सगळं व्यवस्थित. बायकोच्या जागी मात्र "इझाबेला, ताहिती". बस्स. आणि खटकताक्षणीच ओशाळलोही, कारण आमच्या कुलवृत्तांतात तरी वेगळं काय आहे? मुलग्यांच्या शाखा पुढे पसरत जातात, मुलींची नावं दिली असली तरी रेघ तिथेच थांबते. माझ्या आजोबांची आत्या बालविधवा होती, माहेरी परत आली आणि चाळीस वर्षं तिनेच ते घर चालवलं. तिचं तर नावही नाही. मूल नाही, म्हणून शाखा नाही.

त्याने दिलेली आणि लायब्ररीतून आणलेली पुस्तकं वाचण्यात, जुने चित्रपट पुन्हा बघण्यात माझा तो हिवाळा गेला. या घराण्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की पृथ्वीवरचं हे सर्वांत जास्त छापलं गेलेलं मिश्र कुटुंब असावं. त्यातलं वाचण्यासारखं काय आणि कुणाचं म्हणणं किती धरायचं, त्याबद्दल हा लेख.

ज्यांना कथा आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात, त्याची रोपं ताहितीहून वेस्ट इंडीजला न्यायला 'बाउंटी' जहाज 1787 मध्ये इंग्लंडहून निघालं. 28 एप्रिल 1789 ला फ्लेचर ख्रिश्चनने कॅप्टन ब्लायविरुद्ध बंड करून त्याला होडीत घालून समुद्रात सोडलं. पुढे नऊ बंडखोर, पॉलिनेशियातले सहा पुरुष, बारा बायका आणि एक तान्ही मुलगी अशी मंडळी निर्मनुष्य पिटकेर्न बेटावर उतरली आणि जानेवारी 1790 मध्ये जहाज जाळून टाकलं. जमीन वाटून घेतली ती फक्त नऊ गोऱ्यांनी. सहा पॉलिनेशियन पुरुषांच्या वाट्याला तीन बायका आल्या. एका गोऱ्याची बायको कड्यावरून पडून मेली तेव्हा त्याने त्या तिघींपैकी एक उचलली. सप्टेंबर 1793 मध्ये व्हायचं ते झालं: एका दिवसात पाच गोरे मारले गेले, त्यात फ्लेचर होता, आणि पुढच्या काही आठवड्यांत उरलेले पॉलिनेशियन पुरुषही मेले. 1808 मध्ये अमेरिकन जहाज 'टोपाझ' तिथे पोचलं तेव्हा जॉन अ‍ॅडम्स हा एकच पुरुष उरला होता. बाकी बायका आणि मुलं. 1856 मध्ये त्यांचे 194 वंशज नॉरफोक बेटावर हलवले गेले. काही घरं पुढे पिटकेर्नला परतली.

चित्रपटांपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची ओळख तिथूनच होते. 1935 चा चित्रपट ऑस्कर मिळवून गेला. त्यात चार्ल्स लॉटनचा ब्लाय असा काही दुष्ट आहे की आपल्या तमाशातला खलनायकही लाजेल. 1962 च्या चित्रपटात मार्लन ब्रँडोचा फ्लेचर जळत्या जहाजात भाजून तिथेच मरतो. दृश्य जोरदार आहे, पण वंशावळीच्या दृष्टीने ते सरळ खोटं आहे. खरा फ्लेचर त्यानंतर तीन-साडेतीन वर्षं जगला आणि त्याला तीन मुलं झाली. दिग्दर्शकाने मूळपुरुषच मारून टाकला तर मग आज दोन बेटांवर पसरलेला ख्रिश्चन आडनावाचा गोतावळा आला कुठून? गंमत म्हणजे फ्लेचरच्या प्रेयसीचं काम करणाऱ्या तारिता या ताहितीच्या मुलीबरोबर ब्रँडोने पुढे खरोखरच संसार मांडला, मुलं झाली. पडद्यावर जे घराणं त्याने सुरू होऊ दिलं नाही, ते घरी केलं! 1984 चा चित्रपट ब्लायला बराच न्याय देतो आणि निदान फ्लेचरच्या बायकोला तिचं खरं नाव देतो, माउआतुआ. पण तिला बोलायला फारसं काही नाही.

कादंबऱ्या नॉर्डहॉफ आणि हॉल या जोडीच्या. दोघे अमेरिकन, दोघे ताहितीत राहिले आणि तिथेच त्यांनी संसार थाटले. त्यांची तिसरी कादंबरी 'पिटकेर्न्स आयलंड' 1934 ची. पहिलीइतकी ती गाजली नाही, पण माझ्या मते तिघींत तीच सर्वांत प्रामाणिक, कारण बेटावरच्या हाणामारीची लाज ती लपवत नाही. खोट एकच, पण मोठी. कादंबरीचा शेवटचा मोठा भाग वृद्ध अ‍ॅडम्स 'टोपाझ'च्या लोकांना सांगतो आहे अशी रचना आहे. म्हणजे बायकांनी काय सोसलं हेसुद्धा आपल्याला ऐकायचं ते त्याच्या तोंडून. आणि अ‍ॅडम्स म्हणजे तरी कोण? जहाजाच्या हजेरीपटावर त्याचं नाव अलेक्झांडर स्मिथ होतं. ज्या घराण्यात एक आडनाव असं मध्येच बदललेलं आहे, तिथे आडनावावर किती भिस्त ठेवायची?

घराण्यातलीच एक बाई लिहायला बसली तेव्हा काय झालं? रोझलिंड अमेलिया यंग ही बंडखोर एडवर्ड यंगच्या वंशातली. लहानपणी आईवडिलांबरोबर 1864 मध्ये नॉरफोकहून पिटकेर्नला परतली आणि 1894 मध्ये तिचं पुस्तक निघालं. धार्मिक वळणाचं, सालस पुस्तक आहे. सुरुवातीचा रक्तपात ती भराभर उरकते. तिचा जीव रमतो तो पुढच्या पिढ्यांत, येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांत, शाळेत, प्रार्थनेत. मी आधी जरा नाराज झालो. मग वाटलं, आपल्या घरातले खून आपल्याच हाताने लिहायला बसलो तर आपणही दोन ओळींत आटपू. तिच्या पुस्तकाचं मोल वेगळं आहे: पूर्वजांना शोभेच्या वस्तू न मानता शेजारीपाजारी मानून केलेलं ते लिखाण आहे. या गुणात बाहेरचा एकही लेखक तिच्या जवळपास येत नाही.

कागदपत्रांत मुख्य आधार पिटकेर्नच्या नोंदवहीचा. 1790 ते 1854 मधले जन्म, लग्नं, मृत्यू त्यात आहेत आणि 1929 मध्ये ती पुस्तकरूपाने छापली गेली. वंशावळ करणारा प्रत्येक जण तिथेच जातो. पण पोरांना शिकवणारी, लिहितीवाचती माणसं बेटावर स्थायिक झाली ती 1823 पासून पुढे, त्यामुळे पहिल्या पिढीचा भाग बराचसा आठवणीवर आहे. आठवण कुणाची टिकली, ते ठरवणार जे शेवटपर्यंत उरले ते.

आता जेनी. तिचं खरं नाव तेएहुतेआतुआओनोआ. जहाजावर ती आधी अ‍ॅडम्सची आणि मग आयझॅक मार्टिनची बायको. तिच्या डाव्या हातावर ए, एस आणि 1789 असं गोंदलेलं होतं, अलेक्झांडर स्मिथची आद्याक्षरं. नवऱ्याचं नाव अंगावर, आणि तेही त्याचं खरं नव्हे! तिला मूल झालं नाही. 1817 मध्ये एका जहाजावरून ती बेट सोडून ताहितीला परत गेली आणि तिथे तिने आपली हकीकत सांगितली. ती 1819 मध्ये सिडनीच्या गॅझेटमध्ये छापली गेली. दुसऱ्यांदा ताहितीतल्या एका मिशनऱ्याच्या मदतीने ती तिच्या भाषेतून उतरवून घेतली गेली आणि 1826 मध्ये चक्क कलकत्त्याच्या 'बेंगॉल हरकारू' या वृत्तपत्रात आली. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. कोण कुठली ताहितीची बाई, आणि तिची साक्ष पहिल्यांदा वाचणाऱ्यांत आपल्या कलकत्त्याचे लोक!

जेनीचं सांगणं कोरडं आहे, पण ते वाचल्यावर चित्रपट बघवत नाहीत. बायका प्रेमापोटी आल्या, हे गोड चित्र ती एका प्रसंगात मोडते. रात्री जहाजाचा दोर कापला तेव्हा बायका आत होत्या. त्यांना न विचारता जहाज निघालं. एकीने समुद्रात उडी मारली आणि पोहत गेली. म्हाताऱ्या वाटलेल्या सहाजणींना शेजारच्या बेटावर उतरवून दिलं. एडवर्ड यंगच्या रोजनिशीचे उतारे बीची या कॅप्टनने पुढे प्रसिद्ध केले, त्यातही तिला पुष्टी मिळते: 1794 मध्ये बायकांनी घराच्या फळ्या उपटून होडी बांधली, जेनी त्यात सर्वांत पुढे होती, आणि ती होडी उलटली. तिच्या जबानीतही दोष आहेतच. ती दोन-दोन पुरुषांच्या हातून आपल्यापर्यंत आली आहे, आणि तिला त्या लोकांचा राग होता. पण राग असलेल्या साक्षीदाराचं ऐकायचं नाही असं ठरवलं तर अ‍ॅडम्सचंही ऐकता येणार नाही. त्याला स्वतःची मान वाचवायची होती.

जेनी कुणाच्याच वंशावळीत नाही, कारण ती कुणाचीच पणजी नाही. ते सहा पुरुषही नाहीत. पण एक फट आहे. तान्ही म्हणून आलेली सली ही तेइओ नावाच्या बाईची मुलगी, बाप ताहितीचा. ती मोठी झाल्यावर तिचं लग्न फ्लेचरचा मुलगा चार्ल्स याच्याशी झालं. म्हणजे ख्रिश्चन आडनाव लावणाऱ्या कितीतरी घरांत कुणा एका ताहितीच्या पुरुषाचंही रक्त आहे, ज्याचं कुठलंही आडनाव खाली आलं नाही. माझ्या सहकाऱ्याच्या कागदावर सली होती. तिच्या वर रेघ नव्हती.

2015 मध्ये नॉरफोकच्या लोकांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बापाकडून येणारे धागे युरोपातले, आईकडून येणारे बहुतांशी पॉलिनेशियातले, असा त्याचा ढोबळ निष्कर्ष. शास्त्रज्ञांनी हे मोजून सांगितलं ते चांगलंच, पण बेटावरच्या भाषेला ते आधीपासून माहीत होतं. तिथल्या इंग्रजी-ताहिती मिश्रणात स्वयंपाकाचे, किनाऱ्यावर वेचायच्या खाण्याचे शब्द ताहितीचे आहेत. बायकांनी झाडाच्या सालीपासून कुटून केलेलं तापा कापड आज संग्रहालयांत आहे, काही तुकडे खुद्द माउआतुआच्या हातचे. नॉरफोकच्याच वंशातल्या पॉलिन रेनल्ड्स यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आहे. माझ्या मते वंशावळीचं ते अधिक भरवशाचं साधन, कारण आई कुटायची तसंच लेक कुटायची, त्यात आडनाव आडवं येत नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजीच्या तोंडी जेनीचं नाव मी कधी ऐकलं नाही. सलीचं मात्र ऐकलंय." पेन्सिल काढून त्याने कागदाच्या कडेला जेनीचं नाव लिहिलं. रेघ कुठे जोडायची ते त्यालाही कळेना, मलाही. मी घरी येऊन कुलवृत्तांत काढला आणि आत्याचं नाव कुणाला आठवतंय का म्हणून पुण्याला काकांना फोन लावला. सगळे तिला "ताई" म्हणायचे, एवढंच त्यांना सांगता आलं.

रोझलिंड यंगचं पुस्तक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतं. कादंबऱ्या लायब्ररीत मिळतील. पण क्रम माझा ऐका: आधी जेनीची जबानी, पानं थोडीच आहेत, मग रोझलिंड, मग 'पिटकेर्न्स आयलंड'. चित्रपट सर्वांत शेवटी, आणि मुलांना बरोबर बसवलंत तर 1984 चा.