याईरच्या घरातले जेवण

संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आपल्या धर्मग्रामांत वारंवार वाचला जातो आणि त्यावर प्रवचनेही पुष्कळ होतात. सभास्थानाचा अधिकारी याईर, त्याची बारा वर्षांची मुलगी, वाटेत प्रभूच्या वस्त्राला शिवणारी ती बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री, घरासमोरचा आक्रोश, आणि मग मुलीचा हात हाती घेऊन तिला उठविणारा येशू. प्रवचनकार साधारणपणे इथे थांबतात. मार्क थांबत नाही. मुलगी उठून चालू लागली, पाहणारे थक्क झाले, ही गोष्ट कोणाला कळू न देण्याची ताकीदही देऊन झाली. तरी त्याच्यापाशी सांगण्यासारखे एक उरले आहे. मुलीला काही खायला द्यावे, असे प्रभूने सांगितले. अध्याय तिथे संपतो.

या एका वाक्याबद्दल, आणि त्याच्या अनुषंगाने आजारातून उठणाऱ्या माणसाच्या जेवणाबद्दल आपल्या धार्मिक वाङ्मयाने काय लिहिले व काय लिहायचे राहून गेले याबद्दल, येथे थोडा विचार करावयाचा आहे.

भाष्यकारांनी या वाक्याचा अर्थ बहुधा एकाच दिशेने लावला आहे. मुलगी खरोखर जिवंत झाली, ती नुसती छाया नव्हे, याचा हा पुरावा होय. भूत जेवत नाही, जिवंत माणूस जेवतो. या अर्थाला आधार नाही असे नाही. लूकच्या चोविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो, तो त्यांची शंका फिटावी म्हणूनच. परंतु ती शंका याईरच्या घरात कोणाला आहे? मुलगी सर्वांच्या डोळ्यांदेखत चालते आहे. बाहेर हसणारे लोक आधीच घालवून दिलेले आहेत. खोलीत आईबाप आहेत आणि पेत्र, याकोब व योहान आहेत. त्यांच्यापैकी कोणीही पुरावा मागितलेला नाही.

तिन्ही शुभवर्तमाने शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे मार्कची दृष्टी स्पष्ट होते. मत्तयने प्रसंग आखडता घेतला आहे. त्याच्याकडे शोकाची बासरी वाजविणारे आहेत, पण जेवण नाही. लूकने जेवणाची आज्ञा अलीकडे आणली: मुलीचा प्राण परत आला, ती उठली, तिला खायला देण्यास सांगितले, आणि आईबापांचे थक्क होणे त्यानंतर. परंपरा लूकला वैद्य मानते, आणि हा क्रम वैद्याला शोभणाराच आहे. रोगी उठला की पथ्य सांगावे. मार्कने मात्र सर्वांना आधी थक्क होऊ दिले आणि जेवण शेवटी ठेवले. आम्हांला या क्रमातच त्या वाक्याचा अर्थ दिसतो. पाच मोठी माणसे त्या मुलीकडे पाहत उभी आहेत. ती त्यांच्या दृष्टीने एक चमत्कार झाली आहे, आणि चमत्काराला भूक लागत नसते. ती बारा वर्षांची पोर आहे, दुखण्यातून उठली आहे, तिच्या पोटात काही नाही, हे त्या क्षणी एकट्या प्रभूच्या लक्षात आहे. प्रत्यक्ष आईलाही ते सांगावे लागले. मार्कसारखा मोजके लिहिणारा लेखक आपल्या अध्यायाचे शेवटचे वाक्य पुराव्यासाठी खर्च करील असे आम्हांला वाटत नाही.

पाश्चात्त्य वाचकाला तळटीप वाचून समजणारी या प्रसंगातली एक गोष्ट मराठी वाचकाला तळटिपेवाचून कळते. लेवीय पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीचा स्पर्श विटाळाचा, आणि गणना पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायाप्रमाणे प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध. एका वाटेत या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत, आणि लगेच त्याच घरात अन्नाची गोष्ट निघते आहे. ज्या भूमीत विटाळ आणि सोवळे हे शब्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेले होते, तिथल्या वाचकाला यातले धाडस समजावून सांगावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली ‘स्मृतिचित्रे’ आठवावीत. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात वाढलेली ही बाई. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही बराच काळ तिची चूल वेगळीच राहिली, आणि पुढे ती वेगळी चूल तिने आपणहून मोडली. धर्मांतराची कथा म्हणून ते पुस्तक वाचले जाते, ते योग्यच आहे. आम्हांला ते कोणी कोणाच्या हातचे खावे याचीही कथा वाटते. (आपण ख्रिस्ती झालो म्हणून आपल्यातला पंक्तिभेद सुटला, असे म्हणण्याचे धाडस मात्र आम्ही करणार नाही.)

जुन्या करारात याच जातीचा एक उतारा आहे, आणि कलेच्या दृष्टीने तो कदाचित अधिक सरस आहे. राजे या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, एलिया ईजबेलीच्या धाकाने पळून रानात येतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो. संदेष्ट्याला त्याने दोन बोल ऐकवावेत अशी आपली अपेक्षा. पण तो निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवतो आणि खायला सांगतो. एलिया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. ज्याने दुखणाईत माणसाची सेवा केली आहे त्यानेच हे लिहिले असले पाहिजे. चार घास खाऊन माणूस पुन्हा निजतो, आणि घरचे उगाच काळजीत पडतात. देवदूत काळजीत पडत नाही, रागवत नाही. त्याला झोपू देतो आणि दुसऱ्यांदा येतो. पुढची वाट लांब आहे हे तो सांगतो, ते या दुसऱ्या वेळी. आपल्या बालगोष्टींच्या पुस्तकांतून या दोन जेवणांचे एकच जेवण करण्याची रीत आहे. जागा वाचते, पण उताऱ्याचा प्राण जातो.

मठांच्या परंपरेकडे वळले तर तिथे एक विसंगती आढळते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने लिहिलेल्या नियमाचा छत्तिसावा अध्याय आजारी बंधूंविषयी आहे. त्यांची सेवा प्रत्यक्ष ख्रिस्ताची म्हणून करावी, त्यांना वेगळी खोली व मन लावून सेवा करणारा माणूस द्यावा, फारच अशक्त असतील त्यांना मांसही द्यावे, आणि बरे वाटू लागल्यावर त्यांनी ते पूर्ववत् वर्ज्य करावे. एकोणचाळिसाव्या अध्यायात रोजच्या जेवणात दोन शिजविलेले पदार्थ ठेवायला सांगितले आहे, कारण एखाद्याला एक चालला नाही तर दुसरा खाता यावा. इतका मायाळू कायदा क्वचितच सापडेल. पण त्याच ग्रंथाचा चोविसावा अध्याय काढावा. किरकोळ अपराध करणाऱ्या बंधूला जी शिक्षा आहे ती अशी, की त्याने सर्वांबरोबर जेवायचे नाही. इतरांचे आटोपल्यावर एकट्याने जेवायचे. म्हणजे आजारी माणूस सेवेपोटी एकटा जेवतो आणि अपराधी शिक्षेपोटी एकटा जेवतो. एकाच्या एकटेपणात माया आहे, दुसऱ्याच्या एकटेपणात शासन. पण ताटाकडे पाहून ते ओळखू येत नाही. अंथरुणाला खिळलेले वृद्ध कधी कधी ‘मी काय गुन्हा केला?’ असे विचारतात तेव्हा आपण त्यांची समजूत घालू लागतो. त्यांचा प्रश्न बेनेडिक्टच्या नियमाइतका जुना आणि तितकाच अचूक असू शकतो, हे आपल्या ध्यानी येत नाही.

ही गाठ संत फ्रान्सिसने सोडविली. चेलानोच्या थॉमसने तेराव्या शतकात लिहिलेल्या दुसऱ्या चरित्रात ती हकीकत आहे. एका रात्री सारे बंधू झोपलेले असताना एकजण ओरडू लागला, की मी मरतो आहे, भुकेने मरतो आहे. कडक उपवासाने त्याची ती दशा झाली होती. फ्रान्सिसने दिवा लावून ताट मांडायला लावले. इथपर्यंत कोणताही दयाळू वडीलधारा गेला असता. फ्रान्सिस पुढे जाऊन स्वतः जेवायला बसला, आणि इतर बंधूंनाही त्याने बसविले. एकट्याने खाताना त्या बंधूला लाज वाटू नये, एवढ्यासाठी. उपवास मोडल्याची लाज सर्वांनी वाटून घेतली आणि ती कोणाच्याच वाट्याला उरली नाही. मग त्याने बंधूंना समजाविले की प्रत्येकाने आपापली प्रकृती ओळखून उपवास करावा. याच वळणाची दुसरी गोष्ट द्राक्षांची. एक आजारी बंधू द्राक्षांनी बरा होईल असे फ्रान्सिसच्या मनात आले. तो त्याला भल्या पहाटे मळ्यात घेऊन गेला, आणि आधी स्वतः द्राक्षे खाऊ लागला.

फ्रान्सिसच्या चरित्रातील लांडगा आणि पाखरे आपल्या मुलांना पाठ आहेत. ही रात्रीची पंगत मात्र मराठी संतचरित्रांत क्वचितच भेटते. आम्हांला ती पाखरांपेक्षा मोठी वाटते. पाखरांना उपदेश करताना फ्रान्सिसला काही सोडावे लागले नव्हते. इथे त्याने आपला उपवास सोडला, आणि उपवास हीच त्याची संपत्ती होती.

डेन्मार्कमध्ये १९८७ साली निघालेल्या ‘बाबेट्स फीस्ट’ या चित्रपटाचा उल्लेख आपल्याकडे चिंतनशिबिरांतून होतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात त्याचा दाखला दिला. सर्वांना आठवते ती शेवटची भव्य मेजवानी. ती येण्याआधी कित्येक वर्षे बाबेट त्या गावात सुके मासे आणि पावाचे साधे सूप शिजवीत होती, आणि तिच्या हातच्या सुपाने गावातल्या गरिबांना, आजाऱ्यांना बळ येत होते, ही गोष्ट मूळ कथेची लेखिका इसाक डिनेसन हिने सांगून ठेवली आहे. सुक्या माशांचे मोल जाणणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरही चर्चा होते ती मेजवानीचीच.

आपले स्वतःचे वाङ्मयही याहून वेगळे वागले नाही. नाताळची पंगत, लग्नाचे जेवण, सणाची मेजवानी यांवर आपल्याकडे लेख, कविता, आठवणी विपुल आहेत. रोजचे रात्रीचे जेवण, रोजरी संपल्यावर घरात जे मांडले जाते ते, लेखनाचा विषय होत नाही. दुखणाइताचे जेवण तर नाहीच. वास्तविक त्याला किती बारीक रचना आहे! पहिल्या दिवशी पेजेची नुसती निवळ. मग मीठ घातलेली पेज. तिच्याबरोबर तोंडाला चव यावी म्हणून लोणच्याची फोड किंवा भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा. मग मऊ भात आणि मुगाचे वरण. आणि एके दिवशी घरात सगळ्यांसाठी शिजलेले कालवण. घरातील बाई ही चढण मनातल्या मनात मोजीत असते. शेवटची पायरी पदार्थाची नसते, जागेची असते: पलंगाशेजारचे स्टूल सुटते आणि माणूस सर्वांच्या ओळीत येऊन बसतो. डॉक्टरांचा कागद आठवड्यापूर्वीच आलेला असतो. घराच्या दृष्टीने माणूस त्या रात्री बरा होतो.

आज ही शेवटची पायरी अनेकांच्या वाट्याला येत नाही, म्हणून हा विषय केवळ वाङ्मयाचा उरलेला नाही. मुले परगावी किंवा परदेशी, घरात दोन वृद्ध, त्यांतले एक इस्पितळातून नुकतेच परतलेले. भेटायला माणसे येतात. शहाळी, सफरचंदे, बिस्किटांचे पुडे आणतात, पलंगाशेजारी बसतात, प्रार्थना म्हणतात आणि जेवणाची वेळ झाली की उठतात. रविवारी ख्रिस्तप्रसाद घरी आणून देण्याची व्यवस्था धर्मग्रामाने केलेली असते, आणि ती मोलाची आहे. सोमवारी रात्री त्या दोघांच्या ताटाशी तिसरे ताट मांडून कोणी बसत नाही. संसर्गाच्या आजारात अंतर राखावेच लागते. २०२० आणि २०२१ मध्ये आपण दाराबाहेर डबे ठेवून परत फिरलो, ते त्या वेळी बरोबरच होते. पण साथ ओसरल्यावरही दाराबाहेर डबा ठेवण्याची सोय आपल्या अंगवळणी पडली की काय, अशी शंका आम्हांला येते. डबा पोहोचतो, जेवण पोहोचत नाही.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौल याच तक्रारीने संतापला आहे. प्रभुभोजनासाठी जमलेले लोक आपापले जेवण आधी उरकून घेतात, कोणी उपाशी राहतो, कोणी झिंगतो. आणि त्याच परिच्छेदात तो म्हणतो की तुमच्यांतले पुष्कळजण अशक्त व आजारी आहेत ते यामुळे. अयोग्य रीतीने ख्रिस्तप्रसाद घेतल्याची शिक्षा म्हणजे आजार, असा याचा अर्थ परंपरेने केला, आणि त्याने अनेक भाविकांना भेवडावले. पौलाने त्यावर सांगितलेला उपाय मात्र फार क्वचित उद्धृत होतो. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, इतकाच तो आहे.

याईरच्या घरचा उतारा सामान्य काळातील तेराव्या रविवारी, ब वर्षात, येतो. ३० जून २०२४ रोजी तो आपल्या देवळांत वाचला गेला. यानंतर २७ जून २०२७ रोजी येईल. ते दिवस आपल्याकडे पावसाचे आणि तापाचे असतात. त्या वाचनाचे एक संक्षिप्त रूपही वाचनग्रंथात दिलेले आहे. वेळ वाचविण्यासाठी त्यातून वाटेतली रक्तस्रावी स्त्री गाळलेली आहे. जेवण गाळलेले नाही. मुलीला काय खायला दिले आणि ते कोणी रांधले, हे मार्क सांगत नाही. तिची आई त्या प्रसंगात एक शब्दही बोललेली नाही. ती उठून चुलीकडे गेली असेल, आणि मुलीबरोबर त्या घरातल्या सगळ्यांनीच, कित्येक दिवसांनी, काहीतरी खाल्ले असेल, असे आम्हांला वाटते.